भुऱ्याला न मिळालेले दहा दिवस

संग्रामपूरच्या इमामबी पिंजारणीला लिहितावाचता येत नव्हतं, पण कोणी तिला कधी काय बोललं हे ती हंगामासकट लक्षात ठेवी. "तुरी सोंगून राह्यले होते तवा तुमी मले असं म्हनले होते," असं ती चार वर्षांनी सांगे, आणि समोरच्याला ते आठवत नसलं की तिला जास्तच राग येई. ती भांडखोर मात्र नव्हती. बाजारात तिचा आवाज चढलेला कोणी ऐकला नाही. राग ती कापसासारखा भरायची, दाबून दाबून, आणि वरून बारीक टाका घालायची.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि दुसरी लढाई लागायची होती. इमामबीचा नवरा नजीर वारला तेव्हा ती पस्तिशीची असेल. त्याचं कापूस पिंजायचं पिंजण तिने खुंटीवरून उतरवलं आणि हिवाळाभर गाद्या-रजया भरायचं काम पुढे चालू ठेवलं. उरलेलं वर्ष तिच्या सात बकऱ्यांवर निघे. आईला दूध नसलेली लेकरं आणि खोकल्याचे दुखणाईत यांच्या घरी सकाळ-संध्याकाळ तिचा गडवा जाई. अर्ध्या पेठेतली पोरं तिच्या बकऱ्यांवर वाढलेली. आणि बकऱ्या राखायला भुऱ्या नावाचा एक कुत्रा होता. जातीबितीचा नव्हता. एक कान फाटलेला, शेपूट अर्धवट. उकिरड्यावर सापडला होता.

पौषात गुरांचा मोठा बाजार भरे आणि त्यात सरकारने शेतकी प्रदर्शन मांडायला सुरुवात केली होती. जिल्ह्याचे पोलीस कप्तान एक इंग्रज साहेब होते आणि त्यांना कुत्र्यांचा भारी शौक. त्यांनी राखणीच्या कुत्र्यांची शर्यत लावली. दोराने आखलेल्या मैदानात कुत्र्याला मालकाच्या गाठोड्याजवळ बसवायचं. आधी परका माणूस येऊन मटणाचा तुकडा टाकणार. कुत्र्याने त्याला तोंड लावायचं नाही. मग चोर गाठोडं उचलून पळणार. कुत्र्याने त्याला बाहीला धरून थांबवायचं. आणि मालकाने, फक्त मालकाने, 'सोड' म्हटलं की तिथल्या तिथे सोडायचं. चोर व्हायला रंगराव पैलवान तयार झाला. त्याच्या कुस्त्या सुटल्या होत्या, पण लोकांनी आपल्याकडे बघावं ही हौस सुटली नव्हती. त्याच्यासाठी वरून गोणपाट आणि आत चार बोटं कापूस असा कोट इमामबीनेच शिवला. तो घातला की रंगराव चालत्या गादीसारखा दिसे.

पहिल्या वर्षी सगळ्यांच्या नजरा उत्तमराव पाटलांच्या टायगरवर होत्या. विलायतेला परत जाणाऱ्या कोणा साहेबाकडून त्यांनी ते अल्सेशियन कुत्रं नागपुराहून आणलं होतं. ताठ कानांचं, काळ्या पाठीचं, देखणं जनावर. मटणाचा तुकडा पडला, टायगरने तो खाल्ला, आणि दुसरा कुठे आहे म्हणून टाकणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं.

"पाटील, घरी जेवाले देत जा त्याले," गर्दीतून कोणी तरी म्हणालं.

भुऱ्या मात्र तुकड्याकडे पाठ करून बसला. चोराला त्याने बाहीला धरलं आणि इमामबीने सोड म्हणताच सोडलं. साहेबांनी स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात लाल कातडी पट्टा बांधला. त्याला पितळेचं एक घुंगरू होतं.  इमामबी हसली, आणि उत्तमरावांनी ते पाहिलं.

उत्तमराव दुष्ट नव्हते. कडब्याच्या टंचाईत त्यांनी आपली गंजी साऱ्या गावच्या गुरांना मोकळी करून दिली होती. पण आपल्याला कोणी हसलं की त्यांच्या आत काही तरी नासायचं, आणि ते नासलेलं त्यांना स्वतःला दिसायचं नाही. तुरी सोंगायच्या दिवसांत भुऱ्या बकऱ्यांमागे त्यांच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गेला. त्यांनी बंदूक उचलली. बकऱ्या पळत घरी आल्या. भुऱ्या आला नाही. घुंगराचा पट्टा पाटलांच्या सालदाराने तिसऱ्या दिवशी आणून तिच्या दारात ठेवला आणि मान खाली घालून निघून गेला. चावडीवर उत्तमरावांनी सांगितलं, "पिसाळलं होतं. तोंडाले फेस. ढोरांवर धावून राह्यलं होतं."

त्या एका शब्दाने इमामबीचं घर बसलं. पिसाळलेल्या कुत्र्याने चाटलेल्या बकऱ्यांचं दूध कोण लेकराला पाजणार? दुसऱ्या दिवशी तिचे गडवे दारातून परत आले. कोकिळा नावाची एक तरणी बाई होती. तिची मुलगी दीड वर्ष इमामबीच्या पांढऱ्या बकरीवर जगली होती. तिने गडवा हातात घेतला, म्हणून इमामबीला बरं वाटलं, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत कोकिळेने तो नालीत ओतला.

इमामबी ढोरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर वामनराव हळू बोलणारे, नेमके गृहस्थ होते.

"डाक्टरसाहेब, पिसाळलं की नाही हे कसं वळखतात?"

"बांधून ठेवायचं. दहा दिवस. पिसाळलेलं असेल तर त्याच्या आत मरतं. अकराव्या दिवशी जिवंत असेल तर पिसाळलेलं नव्हतं."

"आन् गोळी घातली तर?"

"मग काय कळणार, बाई."

इमामबी घरी आली. पिंजणाच्या खुंटीवर तिने तो पट्टा टांगला आणि आपल्या धाकट्या भावाला म्हणाली, "फकीर, मी दुसरं कुत्रं शर्यतीत उतरवीन. हा पट्टा पाटलाच्या डोळ्यांसमोर बांधीन. आन् भुऱ्या पिसाळला नव्हता, हे त्याच्याच तोंडून बोलवीन. चार लोकांत."

फकीर मोहम्मद बैलगाडीत रजया घालून जिल्हाभरचे बाजार करी. स्वभावाने मऊ, विसरभोळा, थंडीला भित्रा. तो म्हणाला, "आपा, गावातलंच एखांदं पिल्लू घे ना मंग."

"गावात भुऱ्या एकच होता. आता जात पाहून घ्यायची."

दूध बंदच होतं, त्यामुळे फिरायला तिला सवड होती. बकऱ्या शेजारणीवर सोपवून ती भावाच्या गाडीत बसली. जाताना कोटाची एक जादा बाही कापूस भरून बरोबर घेतली. प्रत्येक ठिकाणी ती बाही फकीर मोहम्मदच्या हातात चढवायची आणि त्याला पळायला लावायचं, अशी तिची परीक्षा होती. ही गोष्ट तिने त्याला गाव सोडल्यावर सांगितली.

पहिल्यांदा ती सातपुड्याच्या पायथ्याला लमाणांच्या तांड्यावर गेली. तिथली कुत्री उंच, रुंद छातीची, केसाळ. फकीर मोहम्मद दहा पावलं पळाला असेल, तोच एकाने बाही धरली. तांड्याच्या नायकाने सोड म्हटलं, ओरडून म्हटलं, शेवटी त्याच्या जबड्यात काठी घालून तोंड उघडलं.

"हे सोडत काऊन नाही?" इमामबीने विचारलं.

"रानडुकराले धरते हे. डुक्कर थोडीच सोड म्हनते?" नायक म्हणाला.

तिला क्षणभर तेच कुत्रं घ्यावंसं वाटलं. टायगरच्या मालकाची बाही त्या जबड्यात आहे असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण साहेबांची शर्यत सोडण्यावर होती. तिने गाडी पुढे काढली.

साखरखेर्ड्याला गुरांचे व्यापारी युसूफमियाँ होते. त्यांच्याकडे कारवानी कुत्री होती. लांब तोंड, पातळ पोट, रेशमी कान. त्यातली एक कुत्री फकीर मोहम्मदच्या मागे सुटली ती बाणासारखी. त्याला मागे टाकून पुढे गेली, वळून त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि परत येऊन मालकाच्या पायाशी बसली.

"हरीन असतं तर धरलं असतं," युसूफमियाँ म्हणाले. "खानदानी जनावर आहे, आपा. गोणपाटाला तोंड लावत नाही."

"मंग मखमलीचा चोर पाहा तिच्यासाठी," इमामबी म्हणाली. युसूफमियाँ हसले आणि त्यांनी दोघांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

धामणगाव बढ्याजवळ एका वावरात पुंजाजी धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या. इमामबी गाडीतून उतरून कोकरांकडे चालू लागली. एक मातकट रंगाचा कुत्रा उठला. भुंकला नाही, धावला नाही. तिच्या आणि कोकरांच्या मध्ये येऊन उभा राहिला. ती डावीकडे गेली, तो डावीकडे. ती थांबली, तोही थांबला. तिने फकीर मोहम्मदला खूण केली. त्याने नाइलाजाने बाही चढवली आणि एका कोकराला हात घातला. कुत्र्याने बाही धरली. पुंजाजीने बसल्या जागी जिभेने टक केलं. तो आवाज विरायच्या आत बाही सुटली होती.

इमामबी तिथेच ढेकळांत बसली. "हेच," ती म्हणाली.

पुंजाजी पासष्टीचा, वाळलेला म्हातारा होता. त्याने विचारलं, "राखन कशाची करायची हाय, बाई?"

"राखन नाही, बापा. बदला घ्यायचा हाय."

"मंग दुसरी जात पाहा. हे कुत्रं आपलं म्हटलं त्याच्या आंगावर कोनाले येऊ देत नाही. बस. त्याले दुसरं काही येत नाही."

"तेवढंच पुरे."

पुंजाजीने एक तीन महिन्यांचं पिल्लू उचलून तिच्या पदरात दिलं. "खंड्या नाव हाय याचं. एक ध्यानात ठेव, माय. आमी डोळे उघडल्याबरोबर पिल्लू मेंढीच्या कुशीत टाकतो. लोकर म्हंजे याचं घर. घोंगडीवाल्या मानसाले हे कधी चावनार नाही. तो आपलाच म्हनते."

इमामबीने मान हलवली. चोराचा कोट गोणपाटाचा आणि कापसाचा असतो. शिवणारी ती स्वतः होती. फकीर मोहम्मद त्या वेळी पुंजाजीच्या कळपाच्या लोकरीची एक जाड घोंगडी अंगाला लावून बघत होता. एक रजई देऊन त्याने ती घेतली आणि पुढचे दोन हिवाळे तिच्याशिवाय तो घराबाहेर पडला नाही.

पुढच्या पौषात खंड्या अजून पोरवयाचा होता. इमामबीने कोट शिवून दिला आणि दोराबाहेर उभी राहिली. टायगर आता मटणाला शिवत नव्हता. किसना नावाच्या सालदाराने वर्षभर राबून त्याला तयार केलं होतं. खाऊ घालणं, फिरवणं, रागावणं, सगळं किसनाचं. उत्तमराव फक्त शर्यतीच्या दिवशी साखळी हातात घेत. त्या वर्षी टायगर जिंकला.

"काऊन इमामबी, यंदा रिकाम्या हातानं?" उत्तमराव म्हणाले.

"कोट आनला ना, पाटील. तुमच्या टायगरले दात मारायले."

ती घरी गेली आणि खंड्याला जिभेची टक आणि 'सोड' शिकवत बसली. फकीर मोहम्मद बाजाराहून आला की पळायला अडते म्हणून घोंगडी काढून ठेवी, बाही चढवी आणि परसात पळे. दूध अजून कोणी घेत नव्हतं. ती दही लावी, त्याचं तूप करी, आणि दूरच्या बाजारात, जिथे भुऱ्याचं नाव कोणी ऐकलं नव्हतं, तिथे भावाकडून विकवी. आपल्याच गावात आपलं दूध लपवून न्यावं लागतं, ही गोष्ट ती रोज नव्याने भरून ठेवी.

त्याच्या पुढच्या वर्षी, कोट शिवताना, एका दुपारी तिच्या मनात आलं. टायगर नेहमी उजवी बाही धरतो. उजव्या बाहीत कापूस बोटभरच ठेवला तर? दात आरपार जातील, रक्त दिसेल, साहेब कुत्रं बाहेर काढतील. तिने तशी बाही शिवलीसुद्धा. सकाळी उठून उसवली. रंगरावाचा दंड तिला दिसत होता, हे एक. दुसरं असं की लबाडीने जिंकल्यावर पाटील जे काही बोलतील ते खरं होईल, आणि तिला तर त्यांना खोटं पाडायचं होतं. तिने उजव्या बाहीत चार बोटांऐवजी पाच बोटं कापूस भरला.

शर्यतीच्या सकाळी अंग फुटेल अशी थंडी होती. रंगराव कोट घालायला आला तो कुडकुडत. फकीर मोहम्मदला थंडीतल्या माणसाचं दुःख कोणापेक्षाही जास्त कळे. त्याने आपली घोंगडी काढून दिली. "घे पैलवान. कोटाच्या वरून गुंडाळ." इमामबी तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला खंड्याला गाठोड्याजवळ बसवत होती.

मटण पडलं. खंड्याने पाहिलंही नाही. रंगराव आला, त्याने गाठोडं उचललं आणि पळाला. इमामबीने बोट दाखवलं. खंड्या सुटला, सरळ, न भुंकता. तो रंगरावाजवळ पोचला, घोंगडीला नाक लावलं, आणि शेपूट हलवून त्याच्या पायाशी बसला. रंगरावाकडे पाठ, गर्दीकडे तोंड. जणू आता याच्याजवळ येऊन दाखवा.

मैदान हसून फुटायचं बाकी राहिलं. इमामबीने घोंगडी ओळखली. तिने भावाकडे पाहिलं. फकीर मोहम्मदने दोन्ही हात कानांवर ठेवले होते.

उत्तमराव टायगरची साखळी धरून जवळून गेले. "इमामबी, चोराचंच कुत्रं आनलं का वो?"

तिने खंड्याला बोलावलं, दोराबाहेर नेऊन खुंट्याला बांधलं आणि त्याच्याजवळ उभी राहिली. त्याला ती एक शब्दही रागाचा बोलली नाही. कुत्र्याने जे त्याला आलं तेच केलं होतं. दोन वर्षं तिने त्याच्याकडून दुसरंच काही मागितलं होतं.

मग टायगर. मटणाला शिवला नाही. रंगराव पळाला, टायगरने उडी मारून उजवी बाही धरली, आणि लोकांनी वाहवा केली. साहेबांनी हात वर केला.

"टायगर, सोड," उत्तमराव म्हणाले.

टायगरने सोडलं नाही. दोराबाहेर किसना पुढे सरकला, पण शिपायाने त्याला अडवलं. मालकाशिवाय कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. उत्तमराव मोठ्याने ओरडले. त्यांचा आवाज त्या कुत्र्याला परका होता. परक्या आवाजाने ते जास्तच चेकाळलं. बाही सोडून वर चढलं आणि जिथे कोट संपतो तिथे, मानेखाली खांद्याला, त्याने दात रोवले. रंगराव खाली पडला. घोंगडीवर रक्त आलं.

तेवढ्यात खुंटा उपटून खंड्या आला. दोर मागे फरपटत होता. त्याने छातीने टायगरला ढकलून पाडलं आणि रंगरावाच्या अंगावर चार पाय रोवून उभा राहिला. टायगर उठून दोनदा आला, दोनदा परत फेकला गेला. मग किसनाने शिपायाला झुगारून धाव घेतली आणि हलकेच म्हटलं, "ये बाळा." टायगर लगेच त्याच्याकडे गेला. त्याच्या तोंडातून फेस गळत होता.

"पिसाळलं," मागून कोणी तरी म्हणालं. तो शब्द दोराभोवती फिरला. बायकांनी लेकरं उचलली.

वामनराव रंगरावाची जखम धुऊ लागले. साहेबांनी विचारलं, त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि मग लोकांसाठी मराठीत तेच सांगितलं, "कुत्रं आता मारलं तर काही कळायचं नाही. मग रंगरावाला पोटात चौदाच्या चौदा सुया. दहा दिवस बांधून ठेवलं आणि जगलं, तर राहिलेल्या सुया वाचतील."

"डाक्टर, दात बी मले आन् सुया बी मलेच?" रंगराव पडल्या पडल्या म्हणाला.

"ठेवणार कोण?" साहेबांनी विचारलं. उत्तमरावांनी आपल्या बायकोकडे पाहिलं. मनकर्णाबाई बायकांत उभ्या होत्या, कडेवर नातू.

"माह्या वाड्यात नको," त्या म्हणाल्या. "घरात लेकरं हायेत."

दुसरं कोणी पुढे आलं नाही. किसनाला राहायला पाटलांचाच गोठा होता. साहेबांनी कमरेचं पिस्तूल काढलं. टायगर किसनाच्या पायाला टेकून बसला होता.

इमामबी हे सगळं पाहत होती. दोन वर्षं तिने हाच क्षण मनात पिंजला होता. तोच फेस, तोच शब्द, तेच हत्यार, आणि समोर पाटील. तिने फक्त गप्प राहायचं होतं. तिला ते फार गोड वाटलं, आणि ती गप्प राहिलीही. साहेबांनी किसनाला बाजूला व्हायला सांगितलं. किसना हलला नाही. मग तिच्या लक्षात आलं, की गोळी सुटली तर टायगर कायमचा पिसाळलेला ठरेल, भुऱ्यासारखा, आणि पाटलांना काहीच बोलावं लागणार नाही. मेलेलं कुत्रं त्यांचं खोटं झाकून टाकील.

"सायेब, थांबा," ती दोर ओलांडून आत आली. "मी ठेवतो बांधून. माह्या दारात. दहा दिवस."

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"पन पाटलाले आधी एक बोलावं लागते." ती उत्तमरावांकडे वळली. तिचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता. "माहा भुऱ्या पिसाळला होता का?"

उत्तमराव मिशीवरून हात फिरवत राहिले. "तवा... तवा तसं वाटलं. चूक झाली असंन."

"असंन नाही. पिसाळला होता का नव्हता?"

"नव्हता."

"सायबाले ऐकू नाही गेलं."

उत्तमरावांनी टायगरकडे पाहिलं.  "नव्हता पिसाळला," ते मोठ्याने म्हणाले. "लोकं हसले मले. म्हून मारला."

कोणी हसलं नाही. कोकिळेने गर्दीत पदर तोंडाला लावला.

"अजून एक," इमामबी म्हणाली. "दहा दिवस रोज सकाळी तुमी सोता यायचं, कुत्रं जिवंत हाय का पाहायले. आन् माह्या वट्ट्यावर बसून माह्या बकरीचं दूध पिऊन जायचं. बायका पान्याले जातात त्या टायमाले."

उत्तमरावांनी मान हलवली. साहेबांनी पिस्तूल परत ठेवलं. त्या वर्षीचं बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

दहा दिवस टायगर इमामबीच्या दारातल्या कडुनिंबाला साखळीने बांधलेला होता आणि खंड्या त्याच्यापासून दोन हातांवर, बकऱ्यांच्या बाजूला, बसून होता. किसना खाऊ घालायला येई. सकाळी उत्तमराव येत. पहिल्या दिवशी पागोट्याचा लोंबता शेमला तोंडापुढे घेऊन आले. इमामबीने गडवा भरून दिला आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सावकाश प्या, पाटील. विहिरीवर अजून गर्दी हाय."

तिसऱ्या दिवशी त्यांनी शेमला घेतला नाही. पाचव्या दिवशी कोकिळा गडवा घेऊन आली. इमामबी म्हणाली, "तुरी सोंगायच्या वक्ताले ओतलं होतं ना तू? यंदाच्या तुरी सोंगू दे. मंग ये." कोकिळा परत गेली आणि सोंगणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आली. तेव्हा तिला गडवा काठोकाठ भरून मिळाला.

अकराव्या सकाळी वामनराव आले. टायगर पाणी प्यायला, भाकर खाल्ली, किसनाचा हात चाटला. रंगरावाच्या सुया थांबल्या. उत्तमरावांनी साखळी सोडली आणि खाली पाहत विचारलं, "फिटलं ना आता, इमामबी?"

"तुमचं कुत्रं तुमी घरी घेऊन चालले. माहं कुठं हाय?"

त्यांनी साखळी किसनाच्या हातात दिली. "धुऱ्यावर. खळ्याच्या बाभळीखाली पुरलं."

"दाखवा."

ते पुढे, ती मागे, खंड्या तिच्या टाचेशी. बाभळीखाली गवत वाढलं होतं, ओळखण्यासारखं काही नव्हतं. इमामबीने कमरेला खोचलेला लाल पट्टा काढला. उत्तमरावांच्या डोळ्यांसमोर तो बाभळीच्या फांदीला बांधला, रजईला घालते तशी पक्की गाठ मारून. वारा आला आणि घुंगरू वाजलं.

"हा काढू नका," ती म्हणाली. "आन् बाभूळ तोडू नका."

खळं तिथून वीस पावलांवर होतं. दर वर्षी तुरी बडवायच्या दिवसांत उत्तमरावांना तिथे बसावं लागे, आणि वारा सुटला की ते घुंगरू वाजे. कातडं सडून गेल्यावर किसनाने घुंगरू तारेने बांधलं. बाभूळ कोणी तोडली नाही. इमामबी बकऱ्या घेऊन त्या बाजूने गेली की धुऱ्यावर थांबे आणि आधी घुंगरू वाजतं का ते ऐके. मग खळ्यावर कोण बसलंय ते पाही.